कात्रीबाईचं नवं खाद्य

डुकरांच्या त्या शेडमध्ये तिला सगळे कात्रीबाई म्हणत. पुढे एकमेकांच्या चावू नयेत म्हणून नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांच्या शेपट्या कापायचं काम बाराव्या वर्षापासून तिच्याकडे होतं. पिल्लू मागच्या पायांना धरायचं, कचकन कापायचं, ते किंचाळत असतानाच दुसरं उचलायचं. वडील गेल्यावर शेड तिच्या नि धाकट्या भावाच्या हाती आली. भाऊ तापट. तीही काही गरीब गाय नव्हती.

एकदा ती पिल्लू उचलायला वाकली आणि डुकरिणीनं तिच्या डाव्या हाताची दोन बोटं दाढेखाली धरली. भावानं लोखंडी गजाचे चार तडाखे घातले, तेव्हा कुठे जबडा सुटला. जखम चिघळली. औषधं बदलून झाली, ताप हटेना. शेवटी दोन्ही बोटं कापावी लागली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुमच्या डुकरांच्या खाद्यात रोज अँटिबायोटिक असतं ना? धडधाकट पिल्लांच्यासुद्धा?"

"असतं. वडिलांपासून."

"मग तिथले जंतू त्याला कधीच सरावलेत. तेच तुमच्या हातात शिरले."

घरी येताच तिनं भावाला सांगून टाकलं, "आजारी पिल्लाला सुई देईन. बाकीच्यांच्या खाद्यात औषध बंद."

"आणि मेली म्हणजे?"

"मी निस्तरीन."

गुरांच्या डॉक्टरला विचारून तिनं औषधाऐवजी खाद्यात मिसळायला यीस्ट नि लसणाची पूड आणली. जंतू वाढू नयेत म्हणून पिण्याच्या पाण्यात मापानं आम्ल घालायला घेतलं. आईपासून नुकतीच तोडलेली बेचाळीस पिल्लं या नव्या खाद्यावर आली. चौथ्या दिवशी हगवण लागली. सहाव्या दिवशी कप्प्यात पाय ठेवायला कोरडी जागा उरली नाही. बेजार झालेल्या पिल्लांनी एकाचा कान चावून चावून मुळासकट तोडला. सुया देऊनही नऊ मेली. दोन नुसतीच पाय झाडत होती. ती तिनं पायांना धरून सिमेंटच्या कडेवर आपटली. एक पहिल्या फटक्यात गेलं. दुसऱ्याला तीन लागले.

तेवढ्यात भाऊ आला. ओळीनं पडलेली पिल्लं पाहून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं गज उचलला आणि पुडीचं पिंप फोडायला सुरुवात केली. ती आडवी आली. त्यानं केस धरून तिचं डोकं कठड्यावर आदळलं. फुटलेल्या कपाळातून रक्त डोळ्यांत उतरलं. हाताला फावडं लागलं, ते तिनं दोन्ही हातांनी फिरवलं. एवढ्या किंचाळ्यांतही त्याच्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. क्षणभर बरं वाटलं. मग ती भिंतीला धरून भडाभडा ओकली.

वहिनीनं त्याला दवाखान्यात नेलं. तिथं त्यानं पाय घसरल्याचं सांगितलं.

गुरांच्या डॉक्टरनं एक मेलेलं पिल्लू तिच्यासमोर चिरलं. आतडी लालभडक, पातळ झाली होती. "पुडीला दोष देऊ नका," तो म्हणाला. "एकवीस दिवसांत आईपासून तोडायची, ओल्या फरशीवर एकावर एक कोंबायची, मग पूड बिचारी काय करणार? आजवर औषधानं ते झाकलं होतं."

ती दीड महिना एकटीच राबली. पुढची पिल्लं आठवडाभर उशिरा तोडली. कप्पे धुऊन पुरते वाळवले, गर्दी कमी केली, ऊब देणारे दिवे टांगले. खाद्य तेच ठेवलं, पाण्यात आम्लही तेच. या खेपेला चार आजारी पडली. सुया दिल्यावर तीन उठली.

भाऊ परतला तेव्हा त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. त्यानं डुकरिणी सांभाळायच्या, तिनं आईपासून तोडलेली पिल्लं, असं वहिनीनं ठरवून दिलं. दोघं वहिनीच्या तोंडूनच बोलत. "तिला सांग, झाकण लाव." "त्याला सांग, लावलंय." वहिनी मधे कावून जाई.

असे पाच महिने गेले. एका सकाळी तो बऱ्या हातात एक मरतुकडं पिल्लू घेऊन तिच्या कप्प्याच्या दारात उभा राहिला.

"हे आणखी चार दिवस आईखालीच राहू देतो."

"आठ दे," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी डुकरिणीनं ते अंगाखाली चिरडलं. दोघांनी मिळून खड्डा खणला. तो एका हातानं माती ओढत होता आणि ती त्याच्या खांद्याकडे बघत नव्हती.