पान सतरा घेऊन पुण्यातून एक रविवार

पुणं एका दिवसात बघून होतं का, असं मला ब्लॉगवर बरेच जण विचारतात. होतं. मी बघितलंय. सदाशिव पेठ, कसबा पेठ, मांजरी आणि शेवटी विमानतळ, सकाळी साडेनऊ ते दुपारी चार, सगळं रिक्षाने. फक्त माझ्यासारखं बघू नका. माझ्या मांडीवर एक फाइल होती, फाइलमध्ये एक पान होतं, आणि त्या पानापायी चार देशांचा करार सोमवारी बोंबलणार होता. तोही माझ्यामुळे.

आधी करार काय होता ते सांगते, दोन मिनिटं कळ काढा. पुण्यापासून दोन तासांवरच्या एका पठारावर ढगांचा आणि विजांचा अभ्यास करणारं केंद्र उभं राहायचं होतं. भारत, नेदरलँड्स, जपान आणि दक्षिण आफ्रिका, चौघांचं सामाईक. एकाच्या जमिनीवर चौघांची यंत्रं आली की प्रश्नांना तोटा नसतो. यंत्रांवर जकात लागणार का? एखादा देश मध्येच बाहेर पडला तर त्याचं सामान कुणाचं? तिथे काम करणाऱ्या परदेशी माणसाला कायदा कुठला? मी या मसुद्याची कायदा अधिकारी. दोन वर्षं हे प्रश्न माझ्या उशाशी होते. त्यातलं सगळ्यात कडक कलम असं, की केंद्राच्या आवारात केंद्रप्रमुखांच्या परवानगीशिवाय कुणीही पाऊल टाकायचं नाही, अगदी पोलिसांनीही. मुदत तीस वर्षं. आणि ते आवार नेमकं कुठलं, हे पान सतरावर गट क्रमांकाने लिहिलेलं.

शनिवारी दुपारी चारही देशांच्या प्रतिनिधींनी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आपल्या नावाची आद्याक्षरं टाकली. हे झालं की मजकूर पक्का. मग त्यातला स्वल्पविरामसुद्धा कुणी एकट्याने हलवायचा नसतो. सगळे गेल्यावर मी सवयीने पुन्हा वाचायला बसले आणि पान सतरावर थांबले. गट क्रमांक १२१. केंद्राची जमीन गट ११२. आणि १२१ म्हणजे शेजारची जिल्हा परिषदेची शाळा आणि तिचं मैदान! म्हणजे पोरांना खो-खो खेळायला चार देशांची परवानगी. टाइप मीच केलं होतं.

चूक सापडली तर काय करायचं, हे मला पाठ होतं. चुकीवर रेघ मारायची, शेजारी बरोबर क्रमांक लिहायचा, सगळ्यांची आद्याक्षरं घ्यायची. पण आमच्या ऑफिसात एक शिस्त हाडीमासी खिळलेली आहे. चुकीची प्रत एक मिनिटही ठेवायची नाही, नाहीतर तीच फिरत राहते. मी नवं पान छापलं, फाइलमध्ये लावलं आणि जुनं टराटरा फाडून कागद कापायच्या मशीनमध्ये घातलं. ओठांवर गाणं होतं. घरी येऊन झोपले. रविवारी सकाळी चहा गाळताना लक्षात आलं, की चार देशांनी मान्य केलेला मूळ कागद मी नष्ट केलाय आणि त्या जागी एक कोरा कोपरा लावून ठेवलाय.

चहा तसाच ठेवला. ऑफिसात जाऊन फाइल घेतली आणि आमच्या ऑफिसच्या संचालकांना फोन केला.

"मॅडम," सगळं ऐकून ते म्हणाले, "तुम्हाला दुरुस्तीची इतकी हौस होती, तर आद्याक्षरांच्या आधी केली असतीत. आम्ही अडवलं नसतं."

"सर, भारताची अक्षरं तुमचीच. बाकी तिघांना मी गाठते."

"गाठा. मोकोएना साडेचारच्या विमानाने जातायत."

श्री. मोकोएना दक्षिण आफ्रिकेचे वकील. सोमवारी सही करायला त्यांचे उच्चायुक्त येणार होते, पण मजकूर बरोबर आहे याची खात्री मोकोएना देणार आणि ते दिल्लीमार्गे घरी निघाले होते. मी फोन केला. दुपारी थेट विमानतळावरच येतोय, साडेतीनपर्यंत बाहेर थांबतो, त्यानंतर नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

ऑफिस सदाशिव पेठेत; टिळक रोडला रिक्षा मिळाली. बबनराव, मूळ मांजरीचे, हे नशीबच. दिवसभरासाठी ठरवली. (रविवारी मीटरप्रमाणे दिवस काढू नका. आधी ठरवा, आणि थांबण्याचे वेगळे पैसे घेणार का ते विचारा.) पहिला मुक्काम कसबा पेठ, तांबट आळी. नेदरलँड्सच्या अन्नेकेबाई तिथे तांब्याची भांडी बघायला गेल्या होत्या. रिक्षा आळीच्या तोंडाशी सोडून चालतच जा. ठोक्यांचा आवाज वाट दाखवतो. एरवी मी तिथे तासभर रेंगाळले असते. त्या दिवशी प्रत्येक ठोका डोक्यात बसत होता.

अन्नेकेबाई एका घंगाळापाशी बसल्या होत्या. तांबटकाका मला म्हणाले, "अहो, त्यांना जरा सांगा, हे चिंचेने घासावं लागतं. नुसतं बघून चकाकत नाही."

मी ते सांगितलं आणि मग पानाचं सांगितलं. बाईंनी "शाळा? अरे बापरे" अशा अर्थाचं काहीतरी म्हणून घंगाळावरच पान ठेवलं आणि अक्षरं टाकली. नीट वाचलंही नाही. मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मी काहीही बदललं असतं तरी त्यांनी केलं असतं.

पुढे मांजरीला, जपानच्या श्री. तनाकांकडे, म्हणजे सोलापूर रस्ता. हडपसरला उड्डाणपुलाचं काम, आयटीतल्या लोकांच्या नव्या गाड्या आणि उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या एकमेकांत अडकलेल्या. मिसळ खायची तर याच रस्त्यावर खा, मी खाल्ली नाही. मांजरीत पोचलो तर रेल्वेचं फाटक बंद.

"गेट बंद हाय," बबनराव इंजिन बंद करत म्हणाले. "एक मालगाडी हाय, तिच्यामागं पॅसेंजर. अर्धा तास धरा."

"दुसरा रस्ता?"

"ताई, रिक्षा हाय ही. हेलिकॉप्टर असतं तर मी हितं असतो का?"

एक वाजला होता. तेवढ्यात संचालकांचा फोन.

"किती झाले?"

"एक. तनाकांकडे चाललेय. फाटक लागलंय."

त्यांनी आवाज खाली आणला. मग म्हणाले, "दोन-दोन अक्षरंच आहेत ना ती? बाकीच्या पानांवर नमुने आहेतच." आणि लगेच, "मी काही सांगितलेलं नाही." फोन बंद.

खरं सांगते, मी पेनाचं टोपण काढलं होतं. पान सोळा उघडून मोकोएनांच्या अक्षरांची वळणं बघत होते. साधी होती. उकाड्यात हात थरथरायला लागला आणि थरथरत्या हाताने ती जमली नसती, म्हणून मी टोपण लावलं. थोर विचार वगैरे नंतर सुचले. त्या क्षणी मला स्वतःची भीती वाटली, एवढंच.

फाटकापलीकडे एक रसवंती आहे, उसाच्या मळ्याला लागून. मांजरीला ऊस संशोधनाचं काम चालतं, तिथल्या जुन्या वर्गमित्राला भेटायला तनाका आले होते. आलं-लिंबू घातलेला रस, मोठा ग्लास, बर्फ नको म्हणून सांगा. तनाकांनी मला ग्लास दिला आणि पान घेतलं. एकदा वाचलं. परत वाचलं. मग खिशातून छोटी वही काढली. बैठकीतले सगळे आकडे त्यांनी त्यात टिपलेले होते.

"काल इथे १२१ होतं," ते म्हणाले.

"हो. ती चूक होती. माझी."

त्यांनी वही आणि पान शेजारी शेजारी धरलं. घड्याळ दोनच्या पुढे गेलं होतं. "मोकोएनांनी केलं?"

"अजून नाही."

मग त्यांनी पेन्सिल काढून कोपऱ्यात अक्षरं टाकली. "शाई त्यांच्यानंतर," ते म्हणाले आणि वाकून नमस्कार केला. पेन्सिलीची अक्षरं घेऊन मी रिक्षात बसले.

मांजरीहून नदीवरचा पूल ओलांडून नगर रस्त्याला निघता येतं. रस्ता खराब, पण हडपसरला परत जाण्यापेक्षा बरा. पाऊण तास धरा. आम्हाला एक तास लागला. तीन वाजून वीस मिनिटांनी पोचलो, तेव्हा मोकोएना बाहेरच्या बाकावर बॅग पायाशी घेऊन बसले होते. बोलणं इंग्रजीत झालं, मी मराठीत देते.

"काल मी आद्याक्षरं टाकली ते पान दाखवा."

"फाडलं."

त्यांनी चष्मा काढला. "मग हे पान तेच आहे, हे मला कोण सांगतं?"

"मी."

"बदललं कुणी?"

"मीच."

"उरलेल्या पानांचं काय?"

 डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा मला भयंकर राग आला. मी शाळेचं सांगितलं, मैदानाचं सांगितलं.

"तुमचा क्रमांक बरोबर असेल," ते म्हणाले. "पण आमच्याकडे लोकांच्या जमिनी अशाच गेल्यात. कुणीतरी बरोबर करायला म्हणून आकडा बदलायचा. या पानावर मी अक्षरं टाकणार नाही."

साडेतीन वाजले. ते उठले नाहीत. "काय झालं ते लिहा. इथे, हाताने. पटलं तर त्याखाली सही करतो."

मी फाइल मांडीवर घेऊन लिहिलं. मूळ पानावर गट १२१ होता, तो शाळेचा आहे, बरोबर क्रमांक ११२, आद्याक्षरांनंतर पान बदलण्यात आलं व मूळ पान नष्ट करण्यात आलं. त्यांनी वाचलं.

"यात माणूस कुठे आहे? तुमच्याकडे कागद आपोआप फाटतात?"

मी खोडून लिहिलं, मी बदललं, मी फाडलं. खाली पी. आर. अशी अक्षरं टाकली.

"पूर्ण नाव."

पुण्यात मी बारा वर्षं नुसती पौर्णिमा आहे. खोली शोधताना एका मालकीणबाईंनी आडनाव विचारलं, ऐकलं आणि खोली कालच गेल्याचं सांगितलं. तेव्हापासून पाटीवर, कार्डावर, या ब्लॉगवरही पौर्णिमा आर. बाबांना हे मी कधी सांगितलं नाही, पण त्यांना ते दिसत असणारच. मी लिहिलं, पौर्णिमा रामटेके. पेन यावेळी थरथरलं नाही.

मोकोएनांनी तनाकांना फोन लावला, वहीतला आकडा वाचून घेतला, मग सही केली. "हे करारालाच जोडा. शेवटी नको, पान सतराच्या पाठोपाठ." आणि बॅग उचलून ते धावत आत गेले.

सोमवारी सकाळी तनाकांनी, अन्नेकेबाईंनी आणि भारतातर्फे संचालकांनी नोंदीवर शाईने सह्या केल्या. अकरा वाजता करार झाला, गट ११२ सह. संचालकांनी हस्तांदोलनं उरकली आणि माझ्याजवळ येऊन म्हणाले, "पुढच्या बैठकांना आपण नसलात तरी आमचं भागेल." भागलं. आठवड्याभरात मी निविदा विभागात होते, आजही तिथेच आहे. राग येतो अधूनमधून. पठारावर शाळा सुटल्यावर मैदानात पोरं खेळतात, असं तिथले मास्तर फोनवर सांगतात, तेव्हा जरा कमी येतो.

सोमवारी संध्याकाळी खोलीवर येऊन नागपूरला बाबांना फोन केला. ते जिल्हा कचेरीतून निवृत्त झालेले. नोंद वाचून दाखव म्हणाले. मी वाचली, खालच्या नावासकट. पलीकडे त्यांनी पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"हा कागद चारही देशांत राहणार?" त्यांनी विचारलं.

"हो. कायमचा."

"मंग एक झेरॉक्स पाठवजो."

"बाबा, त्यात माझी चूक लिहिलीय."

"वाचलंस ना आत्ता. तेच पाठवजो."