मयताची हरकत

जन्माचा दाखला न्यायला येणारा माणूस पेढे ठेवून जातो, मृत्यूचा दाखला न्यायला येणारा किस्सा ठेवून जातो. मी ग्रामसेवक. उदगीरच्या अलीकडच्या एका गावात ग्रामपंचायतीत बसतो आणि जन्म-मृत्यूची नोंद माझ्याच टेबलावर होते. पेढे दुपारपर्यंतही टिकत नाहीत. किस्से मात्र साठत राहतात. चहाला मित्र जमले की पहिला प्रश्न ठरलेला, "काय रे, नवीन कोण गेलं?"

तुम्हाला वाटेल, हा माणूस फारच निर्दयी! तसं नाही. रडणं लोक घरी उरकून येतात. माझ्या टेबलापर्यंत पोचतो तो फक्त हट्ट. दाखला घेतल्याशिवाय हलायचं नाही, एवढंच त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असतं.

*

एका घरची म्हातारी गेली. नोंदीला सगळं खटलं आलं. मी फॉर्म ओढला आणि विचारलं, "मयताचं नाव?"

"सोनाबाई," मुलगा म्हणाला.

"कोण सोनाबाई?" म्हातारीचा भाऊ उसळला. "माझ्या भैनीचं नाव काशी हाय!"

लग्नात नाव बदललेलं. माहेरची काशी, सासरची सोनाबाई, आणि मतदार यादीत कुणा हुशार माणसानं सुमनबाई करून ठेवलेलं. मामा-भाच्यात अशी जुंपली की म्हातारी असती तर दोघांच्या कानाखाली काढली असती. शेवटी सून घरी जाऊन रेशन कार्ड घेऊन आली. सोनाबाईच होतं. वर लिहिलेलं होतं, कुटुंबप्रमुख.

मुलगा चाट पडला. "आई कुटुंबप्रमुख? मग मी कुठं हाय?"

सून खाली बघत म्हणाली, "खाली हाव तुमी. माझ्या बी खाली."

*

त्याच रांगेत एकदा आमच्या शाळेचे रिटायर गुरुजी उभे होते. मी दचकलो. घरात काही झालं की काय?

"गुरुजी, कुणाचा दाखला?"

"माझाच. पण उलटा. पेन्शनवाल्यांना लागतो, मी अजून हाय म्हणून."

नेमकं त्या दिवशी नेट गेलेलं. मी सवयीनं म्हणून गेलो, "उद्या या, गुरुजी."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "बाळ, उद्याची खात्री मला असती तर तुझ्याकडं दाखला मागायला आलो असतो का?"

नेट येईपर्यंत त्यांना हलवायची माझी छाती झाली नाही. चहा मात्र दोनदा पाजला.

*

आणि मग आल्या शिवकांताबाई.

त्यांचं प्रकरण असं होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. आमच्याकडे लिंगायत मंडळी जाळत नाहीत. गेलेल्या माणसाला बसवतात, हातात इष्टलिंग देतात आणि तसंच जमिनीत ठेवतात. यांच्या नवऱ्याची समाधी त्यांच्याच शेतात, कडुलिंबाखाली. नव्या रस्त्याची आखणी नेमकी त्या लिंबावरून गेली. हरकत घ्यायला मुदत होती, पण हरकत घ्यायची खातेदारानं, आणि खातेदार तर समाधीत! सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव. बाईंचं नाव लागायचं तर मृत्यूचा दाखला हवा, आणि तो त्या वेळी कुणी काढलाच नव्हता. माणूस गेला हे अख्ख्या गावानं पाहिलेलं, कागद कशाला हवा?

मी विचारलं, "मयताचं नाव?"

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पदर सावरला, लग्नातल्या नवरीसारखी मान खाली घातली आणि म्हणाल्या,

"महादेवाच्या पिंडीवर बेलाचं पान,
वैजनाथरावांचा दाखला द्या, ठेवा माझा मान!"

ऑफिसातले सगळे थांबले. आयुष्यात नवऱ्याचं नाव त्यांनी दुसऱ्या रीतीनं घेतलेलंच नव्हतं, आणि आता बदलायचा त्यांचा विचार नव्हता.

मी जुनी दफ्तरं उपसली. नोंद नव्हती. नियमाप्रमाणे 'नोंद आढळत नाही' असा दाखला लिहून दिला, कारण पुढं तहसीलला तो लागतो.

"न्हाई म्हनून कागद देता?" त्या म्हणाल्या. "न्हाई म्हनायला शिक्का हाय, मग हाय म्हनायला काय झालं?"

*

वर्ष उलटलेल्या मृत्यूची नोंद वरून आदेश आल्याशिवाय मला घेता येत नाही. म्हणून शपथपत्र, साक्षीदार, जाहीरनामा, सगळं आलं. तहसीलच्या टेबलावर नवा साहेब होता, बाहेरच्या जिल्ह्यातला. त्यानं स्मशानभूमीची पावती मागितली.

"जाळलंच न्हाई तर पावती कुठली?" बाई म्हणाल्या.

"मग मृत्यूची तारीख तरी पुराव्यानं सांगा."

साक्षीदारांनी सांगायला सुरुवात केली. एक म्हणाला, हायब्रीड ज्वारीची काढणी चालू होती. दुसरा म्हणाला, छे, माझी काळी म्हैस व्याली त्या आठवड्यात. तिसऱ्याला एवढंच आठवत होतं की दुसऱ्या दिवशी मुखेडचा बाजार होता आणि त्याची एसटी चुकली. म्हशीवरून वाद पेटला. साहेब कपाळाला हात लावून बसला.

बाईंनी शांतपणे विचारलं, "सायेब, दरवर्षी त्या तिथीला मी सयपाक करून गाव जेवू घालते. मला कामून कोन इचारंना?"

मग लिंगायतांचे विधी करणाऱ्या जंगम स्वामींना बोलावलं. बाईंनी तिथी सांगितली, स्वामींनी पंचांगावरून तारीख काढून दिली. म्हैसवाला म्हणाला, "बगा, मी म्हनलंच होतं."

*

जाहीरनामा माझ्याच ऑफिसच्या फळ्यावर लागला. 'सदर मृत्यूच्या नोंदीस कोणाची हरकत असल्यास कळवावे.' बाई रोज यायच्या, फळ्यासमोर उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "आली का कुनाची?" मला त्यांचा राग यायचा. पण खरं सांगतो, आधीच्या दोन पोस्टिंगमध्ये जेवढी धावपळ केली नाही तेवढी त्या रागापायी केली. त्या माणसाची समाधी वाचली पाहिजे, असं मलाच वाटायला लागलं होतं.

आणि एक दिवस हरकत आली! वैजनाथरावांचे जिवलग दोस्त नागप्पा काठी टेकत आत आले.

"वैजनाथ मेला असं लिवायला माझी हरकत हाय."

मी पेन खाली ठेवला. "का हो अण्णा?"

"आमच्यात मरत न्हाईत. लिंगैक्य होतात. तसं लिवा."

मी समजावलं, की फॉर्मवर तसा रकाना नाही, आणि हरकत नोंदवली तर दाखला अडकतो, दाखला अडकला तर लिंबावरून रस्ता जातो. नागप्पा काठी टेकत फळ्यापाशी गेले.

"मग मेला म्हना," ते म्हणाले. डोळे भरले होते. "लिंगैक्य झाला ते त्याला ठाव हाय."

आणि जाता जाता साक्षीदार म्हणून अंगठाही देऊन गेले.

*

आदेश आला. मी नोंद घेतली, दाखला दिला. तलाठ्यानं सातबाऱ्यावर वारस म्हणून बाईंचं नाव लावलं. हरकतीच्या मुदतीत बाईंचा अर्ज गेला आणि सुनावणी लागली. मीही मूळ नोंद घेऊन हजर होतो.

सुनावणीचे साहेब भले गृहस्थ होते. टेबलावर आखणीचा नकाशा पसरलेला, त्यावर पेन्सिलीची रेघ, रेघेखाली लिंब. बाजूला सर्व्हेवाला.

"मावशी," साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "समाधी आहे, मला मान्य आहे. पण रस्ता लोकांसाठीच आहे ना? तुम्ही चांगला मुहूर्त बघा. स्वामींना बोलवू, सगळं विधीनं करू, आणि त्यांना जरा बाजूला हलवून घेऊ."

शिवकांताबाईंनी पिशवीतून दाखला काढला. घडी उलगडून बरोबर त्या रेघेवर ठेवला आणि वरून हात फिरवला.

"सायेब, जित्ते होते तवर मी उठा म्हनलं की उठत होते. जेवायला उठा, पान्याच्या पाळीला उठा. कदी न्हाई म्हनले न्हाईत. आता ते मयत हायत. मी म्हनत न्हाई, हे तुमच्याच सरकारनं शिक्का मारून दिलंय. मयताला ऊठ म्हनायचा कायदा असला तर मला दाखवा, मी आत्ता जाऊन सांगते त्यास्नी."

साहेबांनी दाखला उचलला. सावकाश वाचला. उलटून मागची बाजूही बघितली, तिथं काहीच नव्हतं. मग त्यांनी सर्व्हेवाल्यापुढं हात केला.

"खोडरबर आहे का?"