मन्नतीचा रोजा

ती घटना आठवली की मला अजूनही आधी उंबऱ्यावरचा पाण्याचा लोटा दिसतो. तेव्हा मी सालेकसा भागात ठाणेदार होतो. मोबाईल नुकते कुठे दिसू लागले होते आणि आमचा बिनतारी संच जंगलात शिरला की मान टाकायचा.

रेल्वेलाइनलगतच्या एका गावातला बांगडीवाला बेपत्ता झाला होता. बाजार करून आला, पेटी ठेवली, शेतावर चक्कर मारून येतो म्हणून निघाला तो परतलाच नाही. मिसिंग दाखल केली, संदेश गेले, रेल्वे पोलिसांना फोटो दिले. हाती काही लागलं नाही.

काही महिन्यांनी आमच्या खबऱ्याने कानावर घातलं, "साहेब, त्याची बायको रोज दिवेलागणीले उंबऱ्यावर लोटा भरून ठेवते, नवऱ्याचे पाय धुवाले. सकारी लोटा रिकामा! लोक त्या गल्लीनं जाऊन नाही राहिले. तिनंच मारला, म्हून थो येऊन राहिला."

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी तो लोटा पाहिला तेव्हा अंगावर काटा आला, हे मान्य करतो. खून म्हणाल तर शक्यता होतीच. महिला शिपायाला बसवून बाईचा जबाब घेतला. तिच्या आवाजात जराही कंप नव्हता.

"तो मेलाय, हे तुला ठाऊक आहे ना?" मी दरडावलं.

"मेला म्हनून कोन म्हनते? मेला असता तर मी बेवा म्हून चार महिने इद्दतीले घरात बसली असती. जोवर खबर नाही, तोवर मी त्याची बायको. सबर करून राहिली मी."

"मग लोटा कोण रिकामा करतं?"

"ज्याले तहान लागत असन, तो."

जाताना तिने सांगितलं की तिने मन्नत मागितली आहे. नवरा सापडला की रोजे धरणार. मग आत्तापासूनच का धरत नाहीस, असं मी सहज विचारलं. "काम झाल्यावर मन्नत पुरी करतात, साहेब," ती म्हणाली. "अल्लाशी केलेला वादा हाये थो."

तिच्याविरुद्ध पुरावा नव्हता. पुढे वरिष्ठांच्या सूचनेवरून तपास थांबवला. तसं मी स्वतः गावात जाऊन तिला आणि तिच्या थोरल्या दिराला सांगितलं. ती ऐकून लोटा भरायला उठली. दीर ओक्साबोक्शी रडला. मला त्याचीच दया आली.

नंतर एकदा बाजाराच्या बंदोबस्तात तो दीर भेटला. मी चहा पुढे केला तर हात जोडून म्हणाला, "रोजा हाये, साहेब. मन्नतीचा."

रमजान केव्हाच होऊन गेला होता. "कसली मन्नत?"

"भाऊ सापडावा म्हनून."

मी कप खाली ठेवला. भाऊ कुठे सापडला होता? मशिदीच्या इमामसाहेबांना विचारून खात्री केली. त्यांनीही बाईसारखंच सांगितलं, मागणं पुरं झालं की मन्नत फेडायची. म्हणजे या माणसाचं काहीतरी पुरं झालं होतं.

त्याला ठाण्यात बोलावलं. दुपारभर एकही प्रश्न विचारला नाही. गप्प बसवलेला माणूस आतल्या आत बोलायला लागतो, हा माझा अनुभव. सूर्य बुडाल्यावर मी खजूर आणि पाणी त्याच्यापुढे ठेवलं. "सोड रोजा. पण तुझं कोणतं काम झालं, तेवढं सांग."

पेला ओठांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"तुमी तपास बंद केला," तो म्हणाला. "थेच मागलं होतं."

चितळाच्या शिकारीसाठी त्याने शेताच्या धुऱ्यावर तार टाकून तिच्यात वीज सोडली होती. भाऊ अंधारात तिला चिकटला. वनखात्याची केस होईल, गाव थुंकेल, या भीतीने त्याने प्रेत जंगलाकडच्या पडक्या विहिरीत टाकून वर माती लोटली.

"आणि तो लोटा?"

"मीच ओतून देल्ला. भरलेला पाहवत नव्हता. पन रोज नाही गेलो, साहेब. अल्लाकसम, दोन-चारदाच."

बाकीच्या सकाळी तो कोण रिकामा करत होतं, हे मी जबाबात विचारलं नाही.

पंचांसमक्ष विहीर उपसली. हाडं निघाली, बंडीचं फडकं निघालं. त्यावरची बटणं बाईने ओळखली, तिनेच लावलेली होती. पंचनाम्यावर अंगठा देऊन ती उठली आणि म्हणाली, "उद्यापासून रोजे धरते."

माझ्याने राहवलं नाही. "अवो बाई, आता कायले? तो जिवंत कुठे आला?"

"सापडू दे म्हनली होती, साहेब. जित्ता मागाचं राहून गेलं."

नोकरीभर मी शब्दांतून पळवाट काढणारी माणसं पाहिली. त्यांचे जबाब फिरवणारे वकील पाहिले, आम्ही पोलीसही त्यात मागे नसतो. या बाईला पळवाट समोर दिसत होती आणि कोणी बोट दाखवणारंही नव्हतं. संयम म्हणजे नुसतं वाट पाहणं, असं मला तोवर वाटायचं. वाट पाहून जे पदरात पडेल त्याचीही किंमत चुकवायची असते, हे मी तिच्याकडून शिकलो.

दुसऱ्या दिवशी आणखी एका कागदावर अंगठा घ्यायला गेलो. ती इद्दतीत असल्याने दाराआडूनच बोलली, आवाज उपासाने कोरडा झाला होता. लोटा उंबऱ्यावर नव्हता. मात्र तो जिथे रोज ठेवलेला असायचा तेवढी जागा अजून ओली होती.