दुखस

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले. बी.एस्सी. केमिस्ट्री. गावात कुणाला मूळव्याध झाली तरी लोक मला विचारायचे, आणि मीही ठणकावून सांगायचे, डॉक्टरकडे जा. त्यामुळे आबांना, माझ्या वडिलांना, लकवा मारला तेव्हा धुळ्याकडच्या गावातून त्यांना माझ्याकडे जळगावला आणायचं हे मीच ठरवलं. माय सोबत आली.

पाय हळूहळू सावरला. तोंड सरळ झालं. उजवा हात मात्र मेल्यासारखा मांडीवर पडून राहायचा. डॉक्टर म्हणाले, आता बरेच महिने झाले, या हाताची फार आशा धरू नका. आबांना चालण्याचं एवढं नव्हतं. त्यांना हातानं जेवायचं होतं. डाव्या हातानं ते घास घेईनात, आयुष्यात तो हात अन्नाला लागला नव्हता. माय भरवायची. भरवून घेताना ते डोळे मिटायचे आणि दोन घासांत पोट भरलं म्हणायचे. माणूस हाडं हाडं झाला.

शेवटी मीच त्यांना अॅक्युप्रेशरवाल्या सरांकडे घेऊन गेले. दुकानांच्या वर एक खोली, भिंतीवर हातापायाचा मोठा तक्ता, त्यावर ठिपके आणि चिनी अक्षरं. सर म्हणाले, ही विद्या चीनची, फार जुनी; शरीरातून शक्तीच्या वाटा जातात, त्या तुंबल्या की आजार होतो, आणि ठरलेल्या बिंदूवर दाब दिला की वाट मोकळी होते. अशा वाटा मला कुठल्याच पुस्तकात शिकवल्या नव्हत्या. तरी मी मान हलवत ऐकलं. सरांनी अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग चिमटीत धरला आणि म्हणाले, चिनी लोक याला हेगू म्हणतात.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "हाई काय नाव शे?" म्हणाले आणि खुदकन हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच हसले. सर गोंधळले. आमच्याकडे त्या नावाचं हगू होतं हे त्यांना कोण सांगणार?

निघताना सरांनी बजावलं की घरी रोज दाबा, आणि दाबल्यावर दुखलं तर आनंद माना. दुखलं म्हणजे वाट मोकळी व्हायला लागली.

तेव्हापासून आमच्या घरात दुखणं ही चांगली बातमी झाली. मी ऑफिसातून आले की आबांचा हात मांडीवर घेऊन बसायचे. आधी ते म्हणायचे, नाही काही. मग एका संध्याकाळी अंगठा रोवला आणि ते म्हणाले, "दुखस."

माय स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं धावत आली. पुन्हा दाबायला लावलं. पुन्हा दुखलं. त्या दिवशी तिनं शिरा केला. गावी फोन गेले, की आबांचा हात दुखतो आहे. पलीकडून लोक म्हणाले, वा, फार छान झालं. रोज भाकरी थापता थापता तिचा एकच प्रश्न असायचा, "आज दुखनं का?" आणि आबा होकार द्यायचे. कधी हलकं, कधी जोरात, कधी कोपरापर्यंत. मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले. सायन्सची पोरगी मी, पण त्या एका शब्दावर जगत होते.

बोटं मात्र हलत नव्हती.

एकदा रस्त्यात दोन रिक्षावाल्यांचं भांडण जुंपलं होतं. आबा खिडकीतून ते बघण्यात रंगले होते. मी सवयीनं हात घेतला आणि त्या हेगूवर अंगठा दाबला. ते बाहेरच बघत राहिले. मी आणखी जोर लावला, इतका की नख रुतून चंद्रकोर उमटली. चेहऱ्यावर काहीच नाही. भांडण मिटल्यावर ते वळले, माझा अंगठा पाहिला आणि लगेच डोळे बारीक करून म्हणाले, "दुखस."

मी अंगठा काढून घेतला. त्यांना कळलं.

"तू इतली मेहनत करस," ते हळूच म्हणाले. "दुखत नही म्हनू तर तुन्हं तोंड उतरी जास."

मला आडपडदा ठेवून बोलता येत नाही. मायने विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं, की काही दुखत नाही, कधी दुखलंच नव्हतं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली नाही, ती जळाली. दुसऱ्या दिवशी मी हात घ्यायला बसले तर आबांनी तो डाव्या हातानं उचलून बाजूला ठेवला. "आते ऱ्हाऊ दे." सरांकडेही पुन्हा गेलो नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. माझा कुणावरच राग नाही, आणि तेच जास्त वाईट आहे. राग असता तर काहीतरी करता आलं असतं.

त्या आठवड्यात एका दुपारी माय ताट घेऊन आबांजवळ बसली, भाकरी वांग्याच्या भाजीत कुस्करली आणि घास उचलला. आबांनी तिला ताट ठेवून बाहेर जायला सांगितलं. मलाही. मग खुर्ची भिंतीकडे फिरवल्याचा आवाज आला. आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहिलो. मग डाव्या हाताची बोटं ताटात शोधत, अडखळत फिरल्याचा आवाज यायला लागला. माय म्हणाली, नळ सोड. मी नळ सोडला.