घरातलं मोठं माणूस

डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी आजवर एकच भाषण ठोकलंय, आणि ते अजून निस्तरतोय. विषय होता खालच्या गाळ्यातलं गेमचं दुकान. तिथे पोरं एसीत बसून तासन्‌तास बंदुका चालवायची. माझी नववीतली लेकही त्यातच. एकदा बायको मागून भाकरी वाढायला आली, तर लेक ओरडली, "पप्पा, पीछे!" मी ताटासकट बाजूला उडी मारली. वरण शर्टावर. तेव्हाच म्हटलं, आता बस.

"अठरा वर्षांखालच्या पोरांना मारामारीचे गेम विकायचे नाहीत आणि खेळूही द्यायचे नाहीत!" मी मीटिंगमध्ये गरजलो.

"आणि लहानपणी गोफणीने आपण काय आरत्या केल्या का?" शेजारचे भाऊ म्हणाले. वाद पेटला. शेवटी काठियावाडी दुकानदाराने हात जोडले. "भाई, घरनुं मोटुं माणस साथे होय तो चाले?"

चाले, चाले! नियम झाला. मी विजयी मुद्रेने घरी आलो.

एक गोष्ट मात्र कोणाच्या डोक्यात आली नाही. आमच्याकडचे बाप पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये पाळीवर आणि आया साड्यांच्या घडीकामावर. दिवसा घरात मोठं माणूस उरतं ते एकच. आजी.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात आज्याच आज्या. फुकटचा एसी कोण सोडतं? माझी आई तर धागे कापायला आणलेल्या साड्यांचं बोचकं घेऊनच जायची. कातरही चालायची आणि तोंडही. "भिंतना मांगे शे तो, दख! आनि गोळी माराना पयले इचार, कोना पोऱ्या शे?"

सुट्टीच्या दिवशी आई आणि लेक दोघींना ओढून आणायला मी तावातावाने खाली उतरलो. बघतो तर लेक रडवेली. पांडेसऱ्याच्या टीमशी ऑनलाइन फायनल, जिच्यासाठी ती शाळेपेक्षा जास्त झुरत होती. आणि तिच्या मैत्रिणीची आजी गुडघा धरून घरी गेलेली. आजी गेली म्हणून नातही गेली. नियम माझाच.

"एक माणूस कमी असेल तर आम्ही बाद, पप्पा. तुम्ही बसा ना तिच्या जागी. तुम्ही तर अठराच्या वर आहात!"

"अगं, भाषण मी केलंय!"

"बेसो, मोटाभाई," दुकानदाराने खुर्ची सरकवली. लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि बसलो.

बराच वेळ मी एका भिंतीत चालत होतो. लेक एकेकाला टिपत गेली. त्यांचा शेवटचा एकच उरला, आणि मी वळलो तर तो नेमका माझ्यासमोर, बंदूक रोखून.

"अरे बापरे!" मी म्हणालो.

हेडफोनमध्ये आवाज आला, "मामा? तुम्ही?"

पांडेसऱ्यात राहणाऱ्या माझ्या बहिणीचा मुलगा! "भाचेबुवा, तुम्ही इथे कुठे?"

"भाचा शे?" आई कातर घेऊन उठलीच. "त्यावर हात उचलशी तर हात थरथरतीन, सांगी ठेवस!"

आमच्यात भाच्याला मारत नाहीत. उलट मामाच त्याच्या पाया पडतो. इकडे लेक किंचाळतेय, "पप्पा, मारो ना!" हात तर आधीच थरथरत होते. पळून जावं म्हणून एक बटण दाबलं, तर माझा शिपाई भाच्यापुढे ओणवाच झाला.

"अहो मामा, इथे कसल्या पाया पडता!" भाच्याने लाजून बंदूक खाली केली. तेवढ्यात लेकीने बाजूने येऊन त्याला आडवा केला. फायनल आमची.

"हिने मारलेलं कसं चाललं गं आई?"

"ती मामेबहीण शे. तिले चालस." आईने पुढची साडी ओढली.

पुढच्या मीटिंगला सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आता नियमाचं काय करायचं? मी घसा खाकरला. पण आईच बोलली.

"नियम चांगला शे, ऱ्हाऊ द्या. फक्त याले तठे एकला धाडू नका."