नेरेइदाने मला मागणी घातली

नेरेइदा कीलेस किती हट्टी होती म्हणून सांगू? "गोऱ्या मुलींची चार मंडळं आहेत की, तुमचं वेगळं कशाला?" असं म्हणून कॉलेजच्या बाईंनी तिला तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा ती त्यांच्या टेबलापुढे जाऊन बसली ती उठेचना. बाई वैतागून म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत आठ सह्या आण, मग बघू."

ही १९८३ ची गोष्ट. स्पॅनिश बोलणाऱ्या आम्ही मुली कॉलेजात जेमतेम आठ. सातजणींनी सह्या केल्या. आठवी मी, मिग्दालिया. एकमेकींना बहीण मानून पाठीशी उभं राहायचं ते मंडळ मला मनापासून हवं होतं, पण पपांना विचारल्याशिवाय कागदाला हात लावायची माझी टाप नव्हती.

नेरेइदाने पपांना फोन केला, तिथेच चुकली. पपांनी तिचं बोलणं अर्ध्यावर तोडलं. "कुणाची मुलगी फोनवर मागतात का? तुझ्या घरी मोठं माणूस नाही?"

गुरुवारी दुपारी पर्थ अँबॉय गावातल्या आमच्या घराच्या दारात सातजणी उभ्या, इस्त्रीचे झगे घालून. पुढे मोठं माणूस म्हणून कॉलेजच्या खानावळीत रांधणाऱ्या ओविदियाबाई, आमच्या दोन्या ओविदिया, डोक्यावर चर्चची टोपी, हातात केळीच्या पानात बांधलेल्या गरम पास्तेलेसचं पातेलं. मुलाकडची मंडळी येतात तशी वरात. मी स्वयंपाकघराच्या दारामागे घामाघूम.

"डॉन एफ्राइन, तुमची मुलगी मागायला आलोय," दोन्या ओविदिया पपांना म्हणाल्या.

पपा नेरेइदाकडे वळले. "तुझे आईवडील कुठे असतात?"

"तिकडे आपल्या बेटावर, समुद्रापलीकडे मायाग्वेसला. त्यांना इथे येणं जमत नाही. म्हणून तर बहिणी हव्यात."

"आणि ही नापास झाली तर?"

"होऊ देणार नाही. जबाबदारी माझी."

पपांनी दोन पास्तेलेस संपवली. "मीठ कमी पडलंय."

"तिसरं घेताना सांगा," दोन्या ओविदिया म्हणाल्या.

पपांनी तिसरं घेतलं आणि मला हाक मारली. "दर रविवारी घरी फोन करायचा. कर सही."

पहिल्याच सहामाहीत मी गणितात आपटले. नेरेइदा रोज पहाटे मला खानावळीत बसवायची. दोन्या ओविदिया बटाटे सोलायच्या, मी रडायचे. "रड, पण गणित सोडवत रड," नेरेइदा म्हणायची. मी पास झाले. त्या नादात तिचा रसायनशास्त्राचा पेपर गेला आणि पदवी वर्षभर लांबली. तिने मला पत्ता लागू दिला नाही. दोन्या ओविदियांनी सांगितलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज आमचं मंडळ एकवीस कॉलेजांत आहे. नव्या पोरी मला हसतात, "ताई, आता कोण घरी जाऊन विचारतं?" मी म्हणते, जायचं म्हणजे जायचं. पातेलं घेऊन जायचं. नेरेइदाने घालून दिलेली रीत मी मोडू देणार नाही.

नेरेइदाच्या त्या लांबलेल्या पदवीदानाला बेटावरून कुणालाच येता आलं नव्हतं. मी मागे जागा शोधत होते, तर पपा लग्नाचा सूट घालून घरच्यांसाठी राखलेल्या पहिल्या रांगेकडे निघालेले. दारावरच्या माणसाने त्यांना अडवलं. "आपण कोणाकडचे?"

पपांनी मंचाकडे बोट दाखवलं. "नेरेइदा कीलेस. मी मुलीकडचा," म्हणाले, आणि पुढे जाऊन बसले.