धुतलेल्या गाडीची खरखर

पॉलिशकाकांनी उभा जन्म लाकडावर हात फिरवण्यात घालवला. कपाटं, टेबलं, दारं, एकदा तर अख्खा जिना. पुढे काचबिंदूने दृष्टी नेली. उजेड आणि अंधार एवढाच काय तो फरक कळू लागला आणि काम सुटलं. हाताची सवय मात्र गेली नाही. जेवताना डावा अंगठा टेबलाच्या कडेवरून फिरत असायचा. बोलणं तेवढं आटलं होतं. काकूंनी काही विचारलं तर "हो" किंवा "नको", की झालं.

एका सुट्टीच्या सकाळी त्यांच्या मुलीने आपली पांढरी गाडी अंगणात धुतली. ती दवाखान्यात नर्स होती, त्यामुळे गाडीकडे बघायला तिला एरवी सवड नसायची. धुऊन पुसून झाल्यावर ती बाबांना उन्हात घेऊन आली. काकांनी बॉनेटवर तळवा ठेवला, पुढे सरकवला आणि थबकले.

"नीट धुतलीस ना?"

मुलगी म्हणाली, तोंड दिसेल इतकी चकाकतेय. काकांना ते पटेना. पॉलिशचा पहिला हात वाळताना त्यावर धूळ बसावी, तशी खरखर लागतेय म्हणाले. मुलीने हात फिरवून पाहिला, तिला काहीच लागलं नाही. तेव्हा काकांनी एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी मागवली. लाकूड पुरतं घासलं गेलंय का, हे ते कामावर असंच बघायचे. पिशवी हातात घालून मुलीने बॉनेटवरून बोटं नेली आणि तिचे डोळेच मोठे झाले. वाळूच्या कागदावरून हात फिरवल्यासारखं लागत होतं.

झालं, काका हात धुऊन त्या खरखरीच्या मागे लागले. दारं बरी होती. छत आणि बॉनेट वाईट, त्यातही डावी बाजू जास्त. रंगच खराब झालाय म्हणावं तर डावीकडेच का? गाडी कुठे उभी करतेस, कुठल्या तोंडाने, वर झाड आहे का, असं त्यांनी लेकीला खोदून खोदून विचारलं. एवढं बोलणं ऐकून काकू ओट्यावरचं काम टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या.

मुलीने गाडीचं सामान विकणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, रंगात बारीक कण रुतले असणार, ते धुऊन निघत नाहीत, त्याला क्ले लागते. संध्याकाळी ती क्लेची वडी घेऊन आली. साबणाच्या वडीएवढी आणि मळलेल्या कणकेसारखी मऊ. काकांनी ती दाबली, ताणली, हुंगलीसुद्धा. घासून रंग काढायचा तर वाळूचा कागद असतो. एवढी मऊ वस्तू काय काढणार, हे त्यांच्या डोक्यात शिरेना.

दुसऱ्या दिवशी मुलगी बसने कामावर गेली आणि गाडी सावलीत काकांच्या ताब्यात आली. काकूंनी फवाऱ्याच्या बाटलीत गाडीचा शाम्पू पाण्यात कालवून दिला. काकांनी वडीचा एक तुकडा तोडून चपटा केला, बॉनेटचा वीतभर भाग सुळसुळीत भिजवला आणि तुकडा पुढे-मागे, सरळ रेषेत, अगदी हलक्या हाताने फिरवू लागले. दुकानदाराने बजावलं होतं, जोर लावायचा नाही. सुरुवातीला तुकडा अडखळत होता, कुरकुर आवाज येत होता. हळूहळू आवाज बंद झाला आणि तुकडा लोण्यावरून जावा तसा सरकू लागला.

"ही घासत नाहीये," काका म्हणाले. "कणाचं वर आलेलं टोक धरून उपटतेय."

पण एक अडचण होती. क्ले मळकी झाली की आत दुमडून स्वच्छ बाजू वर घ्यायची, नाहीतर तीच घाण रंगावर ओरखडे काढते. आणि मळकी झालेली काकांना दिसणार कशी? मग काकू स्टूल घेऊन शेजारी बसल्या. तुकडा उलटला की त्या बघायच्या आणि "दुमडा" किंवा "चालू द्या" म्हणायच्या. मध्येच तुकडा निसटून फरशीवर पडला. काका तो चाचपडत उचलू लागले, तोच काकूंनी त्यांचा हात धरला. पडलेल्याला वाळू चिकटते, तो आता गाडीला लावायचा नाही. काकांनी नवा तुकडा तोडला.

क्लेवर तपकिरी ठिपके उमटले होते. हे आहे तरी काय, हे आता काकूंनाही बघायचं होतं. त्यांनी एक मळका तुकडा वाटीतल्या पाण्यात चोळला आणि टाचण्या गोळा करायचं शिवणाच्या डब्यातलं लोहचुंबक कागदात गुंडाळून त्यात बुडवलं. बाहेर काढलं तर कागदावर काळसर केसासारखी बारीक लव उभी राहिली होती.

"अहो, लोखंड आहे हे!"

काकांनी त्या लवेला करंगळी लावली. दवाखान्याची गाड्या लावायची जागा रेल्वेमार्गाला लागून आहे आणि मुलगी रोज डावी बाजू रुळांकडे करून गाडी लावते, हे तिने कालच सांगितलं होतं. आगगाड्यांचे ब्रेक लागतात, रूळ झिजतात, त्या लोखंडाची धूळ उडून येऊन बसते आणि तिथेच गंजते. काका हसले. एवढी मोठी आगगाडी, आणि तिची पूड आपल्या बोटावर.

जेवणं उशिरा झाली. दुपारभर दोघं छताशी झटत होती. बॉनेटच्या एका कोपऱ्यात पाणी कमी पडलं आणि क्लेचा पुसट डाग राहिला. काकूंनी तो दाखवून दिला, काकांनी पुन्हा भिजवून काढला. शेवटी मेण लावलं, कारण क्लेनंतर रंग उघडा पडतो. ते काम काकांना कुणी शिकवावं लागलं नाही. फडक्याची घडी हातात आली आणि खांदे आपोआप सैल झाले.

मुलगी आली ती चपला काढायच्या आधी गाडीपाशी गेली. पिशवी घालून हात फिरवला. मग पिशवी काढून फिरवला. नुसता हात फिरवत राहिली.

काकूंनी तिला चुंबकाचा कागद दाखवला आणि सगळी हकिकत सांगितली, निम्मी काकांनी मध्ये तोडून स्वतःच सांगितली. उद्यापासून गाडी उलट्या तोंडाने लाव, असं काकू म्हणाल्या. काकांनी लगेच होकाराची मान हलवली. उलटी लावली तर उजवी बाजू किती दिवसांत खरखरते, ते त्यांना बघायचं होतं.